आपल्याच माणसांना जाब



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'ख्रिस्ती श्रद्धा, विवेक आणि अन्याय'. विषय इतका ऐसपैस की बोलणाऱ्याने त्यात हरवून जावे आणि ऐकणाऱ्याने घड्याळाकडे पाहावे. शिवाय अशा विषयावर हुतात्म्यांची यादी वाचण्याचा मोह होतो. यादी संपली की टाळ्या पडतात आणि मंडळी चहाकडे वळतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी असली यादी मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते, असे इथली जुनी माणसे सांगतात. तेव्हा यादी राहू द्या. मी एका पत्रापासून सुरुवात करते.

१८९७ सालचा मे महिना. पुण्यात प्लेग आहे आणि प्लेगइतकीच रँडच्या प्लेग कमिटीची दहशत आहे. गोरे शिपाई घरात शिरतात, आजारी माणसाला इस्पितळात नेतात, त्याच्या घरच्यांना सेग्रेगेशन कॅम्पात टाकतात. त्या दिवसांत 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात पंडिता रमाबाईंचे एक पत्र छापून आले. सरकारी प्लेग इस्पितळात आणि कॅम्पात तरुण बायका सुरक्षित नाहीत, आपल्या आश्रमातून तिथे नेलेल्या एका मुलीची जी दशा झाली तिला तिथला कारभार जबाबदार आहे, असा त्या पत्राचा रोख होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप धुडकावून लावले. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनीही शिपायांच्या वर्तनाबद्दल 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये बोलून दाखवले. पण २२ जूनलाच रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि सारे वातावरणच पालटले होते. गोखले परत आले, पुरावा द्यायला कोणी पुढे येईना, आणि त्यांना सरकारची जाहीर माफी मागावी लागली. रमाबाई आपल्या म्हणण्यावर राहिल्या.

गोखल्यांना मी कमी लेखत नाही. पुराव्याशिवाय बोललो हे कळल्यावर माफी मागायलाही हिंमत लागते. पण रमाबाई त्या वेळी कुठे उभ्या होत्या ते बघा. बाप्तिस्मा घेऊन त्यांना चौदा वर्षे होत आली होती. पुणेकरांनी त्यांना चार वर्षांपूर्वीच वाळीत टाकल्यासारखे केले होते. पैसा अमेरिकेतून येत होता. देणगीदार ख्रिस्ती, स्नेही बहुतेक मिशनरी, आणि सरकारही ख्रिस्ती म्हणवणारे. म्हणजे या बाईला उभे राहायला एकच बाजू उरली होती, आणि तिने जाब विचारला तो त्याच बाजूला. तोही त्याच बाजूच्या वर्तमानपत्रात, त्याच बाजूच्या वाचकांसमोर. 'केसरी'ने सरकारवर टीका केली तर ती अपेक्षितच होती. रमाबाईंनी केली तेव्हा त्या स्वतःच्या पायाखालची फळी काढत होत्या.

शत्रूचा अन्याय सगळ्यांना दिसतो. तो दिसायला विवेक कशाला लागतो? नुसते डोळे पुरतात, किंवा नुसता रागही पुरतो. आपल्याला जेवू घालणाऱ्याचा, देवळात आपल्या शेजारी बसून प्रार्थना करणाऱ्याचा अन्याय दिसणे, आणि दिसल्यावर तोंड उघडणे, हे वेगळ्या जातीचे काम आहे. मला आज बोलायचे आहे ते या कामाबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याच्या गोष्टी बुलढाण्यात कशाला? तर हे प्रकरण आपल्या गावापासून फार लांब नाही. रमाबाई पुण्यात आल्या १८८२ मध्ये. त्याच साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. नाव 'स्त्रीपुरुष तुलना'. लिहिणारी बाई आपल्या बुलढाण्याची, ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेने नवजात मूल मारल्याचा खटला तेव्हा गाजत होता. तिला आधी फाशीची शिक्षा झाली होती. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणे सुरू होते. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली आणि विचारले की त्या विधवेच्या पोटातल्या मुलाचा बाप कुठे आहे. मी हे माझ्या शब्दांत सांगते आहे. ताराबाईंचे शब्द याहून कितीतरी धारदार आहेत आणि तुमच्यातल्या ज्यांनी ते वाचले नसतील त्यांनी वाचावेत. पुस्तक नव्वदेक वर्षे विस्मरणात गेले होते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या सत्यशोधक वर्तुळातल्या. पण पुस्तक निघाल्यावर त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. ब्राह्मणांना झोडपणारी लेखणी त्यांना चालत होती. तीच घरच्या पुरुषांकडे वळली तेव्हा चालेना. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' नावाच्या पुस्तिकेचे दोन अंक काढले. एकात त्यांनी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची बाजू घेतली, दुसऱ्यात ताराबाईंची. आपल्याच चळवळीतल्या माणसांना त्यांनी खडसावले. एक बाई बुलढाण्याची मराठा, दुसरी चित्पावन ब्राह्मणाची ख्रिस्ती झालेली मुलगी. दोघी एकमेकींना भेटल्या असतील असे वाटत नाही. जोतीरावांच्या त्या पुस्तिकेत मात्र दोघी शेजारी बसल्या आहेत.

रमाबाईंकडे परत येते. त्यांचा पहिला मोठा झगडा सरकारशी नव्हता, चर्चशी होता. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ ला तिथेच त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडे आधी त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने तिथेच आत्महत्या केली होती. परका देश, सोबतीण गेलेली, ऐकू कमी येऊ लागलेले. कोणीही अशा वेळी मिळालेल्या आधाराला घट्ट धरून बसेल. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात मिस बील यांच्याकडे शिकणे-शिकवणे सुरू झाले. आता ही विदुषी आज्ञाधारक ख्रिस्ती बाई होईल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

ती झाली नाही. त्रैक्याचा सिद्धांत मला पटत नाही, म्हणाली. ख्रिस्ताचे देवत्व तुम्ही सांगता तसे मला अजून दिसत नाही, म्हणाली. अंगावर घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत का नको, असा वाद घातला. मधेच एक तिढा उभा राहिला. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या इंग्रजांना मराठी-संस्कृत शिकवण्याचे काम रमाबाईंनी करावे अशी योजना होती. त्यांत पुरुष विद्यार्थी असणार म्हटल्यावर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानी बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशातले लोक काय म्हणतील! ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर सभा गाजवून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या होत्या, तिला हे ऐकावे लागले. रमाबाई भडकल्या. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना वाटे, हा गर्व आहे, हट्टीपणा आहे, वरिष्ठांपुढे मान झुकवायला शीक. रमाबाईंनी उत्तर दिले त्याचा आशय असा की मला माझी बुद्धी आहे, माझा विवेक आहे, आणि एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच मानेवरून उतरवले आहे ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे. हा सगळा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजीत आहे, पण वाचण्यासारखा आहे. मला तर तो वाचताना पुष्कळदा हसू येते. एवढ्या प्रेमाने एवढे कडकडून भांडणारी माणसे आता दिसत नाहीत.

यात एक गोष्ट सुटू नये. रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. चर्चशी भांडण म्हणजे श्रद्धा संपली, असा हिशेब त्यांनी कधी केला नाही. उलट श्रद्धा आहे म्हणूनच भांडायचा हक्क आहे, अशी त्यांची वागणूक दिसते. त्यांच्याकडे या स्वभावाचा वारसाही होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून आपल्या बायकोला संस्कृत शिकवले होते. म्हणजे आपल्याच माणसांशी भांडणे हे या घराला नवीन नव्हते.

१८८७ मध्ये रखमाबाईंच्या खटल्यात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की लहानपणी लग्न लावून दिलेल्या, मनाला न पटलेल्या नवऱ्याकडे तिने नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' त्याच साली निघाले. त्यात हिंदू रूढींवर कोरडे आहेतच, पण इंग्रज सरकारलाही सोडलेले नाही. राज्य टिकवायला इथले पुरुष खूश हवेत, त्यात बाईचा बळी गेला तर जाऊ दे, हा सरकारी व्यवहार त्यांनी नेमका ओळखला. हे पुस्तक त्या अमेरिकेत देणग्या गोळा करण्यासाठी विकत होत्या, हेही लक्षात ठेवा.

इथवर तुम्हाला वाटत असेल की बाई आरती ओवाळायला आल्या आहेत. आता थोडे अवघड बोलते.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. उच्चवर्णीय विधवांसाठी आश्रम. तिथे धर्माचा प्रचार होणार नाही, अशी हमी होती. त्या हमीवरच रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात आली. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत. हळूहळू मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गवगवा झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, वीस-पंचवीस मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणावर सक्ती केली नाही, माझी प्रार्थना मी दार लावून का करावी? त्यांचे म्हणणे खरे असेल. तरी मला ते पुरेसे वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांची केशवपन केलेली मुलगी. सासरचे दार बंद, माहेरचे किलकिले. जिच्या छपराखाली ती राहते, जिच्या ताटात जेवते, त्या बाईच्या प्रार्थनेला ती जाऊन बसते, तेव्हा तिची इच्छा किती आणि तिची गरज किती, हे कोणी सांगावे? सत्ता फक्त गव्हर्नराकडे असते असे नाही. सेवा करणाऱ्याच्या हातातही ती असते आणि तिथे ती ओळखू येत नाही. सिस्टर जेराल्डीनच्या हातातली सत्ता रमाबाईंनी ताबडतोब ओळखली होती. स्वतःच्या हातातली तितक्या लवकर ओळखली असे मला दिसत नाही.

पण मग सल्लागारांनाही विचारावे लागेल की राजीनामा दिल्यावर पुढे काय. काढून नेलेल्या मुलींसाठी त्यांनी दुसरे सदन उघडले नाही. त्यांचा विवेक राजीनाम्यापाशी थांबला. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ मध्ये, आणि कर्व्यांची पत्नी गोदूबाई ही त्या बदनाम शारदा सदनाचीच विद्यार्थिनी. त्यांचा पुनर्विवाह झाला तोही नेमका १८९३ मध्येच.

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. माझी पणजी छप्पन्नच्या दुष्काळातली पोर. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. त्या वेळचा आपला वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. खामगावला कापसासाठी रेल्वे येऊन तीस वर्षे झालेली, १८७० मध्ये लॉर्ड मेयोने येऊन तिचे उद्घाटन केलेले. कापूस बाहेर जात होता. काळी जमीन ज्वारी सोडून कपाशीखाली जात होती. पाऊस गेला तेव्हा गाडीने धान्य येऊ शकत होते आणि आलेही. ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. माणसे मेली. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणत्यांच्या मधे बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. रस्त्यावरची पोरे गोळा करायला मिशनरी पुढे आले. अलायन्स मिशनने अकोल्याला मुलांचा आणि खामगावला मुलींचा अनाथाश्रम चालवला. माझी पणजी खामगावच्या आश्रमात वाढली. तिचे गाव कोणते, जात कोणती, आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. आश्रमाने तिला बायबलमधले नाव दिले आणि ती त्या नावाने जगली. मी लहानपणी आजीला विचारले होते, तिला ख्रिस्ती व्हायचे होते का? आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "पोटात अन्न नसते तवा मानसाले कोनी इचारत नाही, बाई." आणि थोड्या वेळाने, "पन सरकारनं त मराले सोडलं होतं नं."

आजीच्या या दोन वाक्यांतले एकही मला टाकता येत नाही. ज्यांनी विचारले नाही त्यांनी जगवले, म्हणून मी इथे उभी आहे. त्यांचे उपकार मानते. तरी त्यांनी विचारायला हवे होते, हेही मीच म्हणायला हवे. दुसऱ्या कोणी म्हटले तर त्याला आरोपाचा वास येतो.

रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते, बहीणही गेली होती. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पण मुली गोळा करून त्या थांबल्या नाहीत. सरकारी गरीबखान्यांत काय चालते, मुकादम पोरींशी कसे वागतात, पोरी पळवणाऱ्या टोळ्या तिथे कशा घिरट्या घालतात, हेही त्यांनी लिहून छापले. पुढे केडगावला मुक्ती मिशन वसले आणि १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्या हिशेबात आपण नेहमी संख्येकडे पाहतो. मला लिहून छापण्याचे मोल जास्त वाटते. कारण त्याच सुमारास पुष्कळ भल्या मिशनरी मंडळींनी आश्रम काढले, पण आपल्याच राणीच्या राज्यात दुष्काळात माणसे का मरतात, असे विचारणारे त्यांत थोडे.

डिट्रिश बॉनहॉफर हा जर्मन पाद्री १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर काही आठवड्यांत, नेमके हेच मांडत होता: चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करणे हे चर्चचे काम आहेच, पण वेळ आली तर ते चाकच अडवावे लागते. त्याचे भांडण हिटलरइतकेच स्वतःच्या चर्चशीही होते, कारण ज्यू वंशाच्या पाद्र्यांना काढून टाकायला ते चर्च निघाले होते. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिले. त्याचा एक बेत राहून गेला. हिंदुस्थानात येऊन गांधींजवळ राहायचे त्याच्या मनात होते आणि गांधींनी १९३४ मध्ये त्याला तसे आमंत्रणही धाडले होते. आला असता तर वर्ध्यालाच उतरला असता. आपल्या विदर्भातून त्याने काय नेले असते, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

बॉनहॉफर आला नाही, पण त्याच वर्ध्यात त्या वेळी एक ख्रिस्ती माणूस होता. जे. सी. कुमारप्पा. तमिळ घराण्यातले, लंडनला हिशेबनिसी शिकलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले, आणि १९३४ पासून मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणारे. त्यांना आपण तेलघाणी आणि हातकागद यांच्यापुरते लक्षात ठेवले आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत होत्या तेव्हा कुमारप्पांनी अँग्लिकन चर्चचे हिंदुस्थानातले प्रमुख बिशप वेस्टकॉट यांना पत्र लिहून विचारले की हा हिंसाचार चालू असताना ख्रिस्ताचे नाव घेणारे चर्च गप्प कसे? बिशपांना सविनय कायदेभंगच अधर्म वाटत होता. कुमारप्पांनी त्यांना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची आठवण करून दिली, आणि तीही थोडी फटकळपणे. कुमारप्पा फटकळच होते. पुढे तुरुंगात त्यांनी येशूच्या आचरणावर एक पुस्तक लिहिले, त्याला प्रस्तावना गांधींची.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत जमीन-पाण्यासाठी बिल्डरांविरुद्ध उभे राहिले. फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा हिशेब मागत होते. ते स्वतः कच्चे कैदी म्हणून तळोजाच्या तुरुंगात गेले आणि ५ जुलै २०२१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वांद्र्याच्या इस्पितळात वारले. त्यांच्यावरचा खटला त्यांच्या हयातीत उभाच राहिला नाही. यांच्याबद्दल वेगळे व्याख्यान होऊ शकेल.

आज मला आमच्याच लोकांकडे वळायचे आहे. डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर एक निबंध लिहून ठेवला आहे, तो त्यांच्या मरणानंतर छापला गेला. त्यात ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा: हिंदुस्थानी ख्रिस्ती शिकले, नोकऱ्यांत गेले, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून कधी लढायला उभे राहिले नाहीत, आणि ज्या अस्पृश्यांच्या धर्मांतरावर त्यांची संख्या वाढली त्या अस्पृश्य बांधवांचीही त्यांनी फारशी फिकीर केली नाही. हे वाचून आम्हाला राग येतो. राग येऊन झाला की उत्तर सुचत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, याविरुद्ध आम्ही मोर्चे काढतो आणि काढायलाच हवेत. पण तोच मोर्चेकरी मुलाचे लग्न जमवताना 'मूळचे कोण?' हे हळूच विचारून घेतो. प्रार्थनासभेवर हल्ला झाला की आम्ही निवेदन देतो. शेजारच्या गावात दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनास्थळावर दगड पडले तेव्हाचे आमचे निवेदन शोधून सापडत नाही. हे दुसऱ्यांच्या समाजांनाही लागू आहे, पण ते त्यांच्यातल्या कोणीतरी त्यांच्या व्यासपीठावरून सांगावे.

आणि बुलढाणा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर केले, ३७५० कोटींचे, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी. त्यात आपला जिल्हा होता. आत्महत्या थांबल्या नाहीत. घरचा कर्ता गेल्यावर विधवेला राज्य सरकारकडून एक लाख रुपये मिळतात, डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानुसार: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी ते प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. नापिकी झालेली हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि फेडीसाठी तगादा लागलेला हवा. दुकानदाराकडून उधार आणलेले बियाणे, बिनपरवाना सावकाराकडून पाच टक्क्यांनी उचललेला पैसा, मुलीच्या लग्नासाठी काढलेली उसनवारी, यांची पावती नसते. पावती नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर प्रकरण 'अपात्र'. मग तलाठ्यापासून तहसीलपर्यंत त्या बाईला सिद्ध करत बसावे लागते की आपला नवरा योग्य कारणासाठी मेला. एकशे चाळीस वर्षांपूर्वी ताराबाईंनी इथे बसून एका विधवेच्या शिक्षेबद्दल लिहिले. आजच्या विधवेचा गुन्हा काय, तर कागद नसणे.

इथे 'ते' आणि 'आपण' अशी फाळणी करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची ती समिती कोणा परक्यांची नाही. चौकशी करणारा तलाठी आपला, पोलीस पाटील आपला, पाच टक्क्यांनी पैसे देणारा माणूस तर बहुधा गावातल्या सप्ताहाला किंवा नाताळच्या जेवणाला भरघोस वर्गणी देणारा. त्याचे नाव पंचनाम्यात येत नाही, कारण सांगणारा कोणी नसतो. सगळ्यांना ठाऊक असते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनी तसे करावे असे परिपत्रक काढले. आपल्याकडच्या काही गावांनीही ठराव केले असतील. चांगलेच आहे. पण कुंकू राहिले आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लागले नाही, तर त्या ठरावाचे ती काय करील?

मी माझ्या मंडळींना एक सुचवले आहे, तेच इथे सांगते आणि थांबते. अपात्र ठरलेल्या प्रत्येक प्रकरणात अपात्रतेचे कारण लेखी मिळावे म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा. अर्ज त्या बाईच्या नावे करायचा, ती 'हो' म्हणाली तरच. ती कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे विचारायचे नाही, आणि तिच्या घरी जाताना बायबल पिशवीत न्यायचे नाही. शेवटच्या अटीवर आमच्यात बराच वाद झाला. काहींना ती श्रद्धेशी तडजोड वाटते. मला ती पणजीची बाकी वाटते. या वादावर तुमच्यापैकी कोणाला काही म्हणायचे असेल, तर अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे.